उजव्या पायाची पट्टी

अरुंधती मॅडमनी सांगितलं होतं, भिंतीवर डोळ्यांच्या रेषेत एक टिकली चिकटव आणि तिच्यावर नजर ठेवून एका पायावर उभी राहा. योगिनीनं टिकली चिकटवली, पण नुसत्या भिंतीवर नाही. आधी तिथं कंपनीच्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान लावलं. त्या पानावर कंपनीचा महिला कबड्डी संघ निळ्या जर्सीत ओळीनं उभा होता आणि डावीकडून तिसरी विजयश्री होती. टिकली बरोबर तिच्या दोन भुवयांच्या मधे बसली. मग योगिनीनं उजवा पाय उचलला, सगळा भार डाव्यावर घेतला आणि त्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून मोजायला लागली. चार म्हणायच्या आत ती धाडकन कपाटावर जाऊन आदळली.

तिची आई सरूबाई खाली बसून भाकरी थापत होती. वीस वर्षं दिघीत काढली तरी तिच्या तोंडातलं लातूर काही गेलं नव्हतं.

"एका पायावर उभी ऱ्हाऊन कोन्ता देव पावणार हाय माय तुला?"

"देव नकोय आई. एकीला पाडायचंय."

"मंग दोन पायांवर उभी ऱ्हाऊन पाड की. एकावर तूच पडायलीस."

कपाटाला धरून योगिनी परत उभी राहिली.

आता ही विजयश्री कोण, हे मलाच सांगायला हवं, कारण योगिनीला विचारलंत तर शिव्यांपलीकडे काही हाती लागणार नाही. तीन वर्षांपूर्वी दोघी भोसरीच्या एकाच क्लबात खेळत. योगिनी चढाईला, विजयश्री डाव्या कोपऱ्यावर. एका डब्यात जेवायच्या, एकमेकींचे बूट घालायच्या. तेव्हा चाकणची एक कंपनी, गाड्यांचे सुटे भाग करणारी, आपला महिला संघ उभा करत होती. संघात नाव लागलं की कायम नोकरी. आमच्या या भागात कायम नोकरी म्हणजे काय, ते ज्याचा दर सहा महिन्यांनी गेटपास बदलतो त्याला विचारा. संघात एकच जागा उरली होती आणि नावं दोन होती.

निवडीच्या आदल्या दिवशी सरावाचा सामना झाला. योगिनीची चढाई फसली, कोपऱ्यावरच्या विजयश्रीनं पकड केली, सरांनी शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली की चढाई संपली. पकडलेला खेळाडू अंग सैल सोडतो, पकडणारा हात सोडतो. योगिनीनं अंग सोडलं. विजयश्रीनं हात सोडले नाहीत. हातात आलेला डावा घोटा तिनं धुणं पिळावं तसा पिळला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि तो योगिनीला अजूनही अधूनमधून ऐकू येतो.

"शिट्टी ऐकूच आली न्हाई मला," विजयश्री सगळ्यांना सांगत सुटली. "बँजो वाजत व्हता की."

बँजो वाजत होता हे खरं. मैदानाला लागूनच एक वरात चालली होती आणि बँजोवाल्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं होतं. त्यामुळे सगळ्यांनी मान डोलावली. सर म्हणाले, खेळ आहे, होतं असं. क्लबातल्या मुली म्हणाल्या, तिनं काय मुद्दाम केलं असेल का गं? पण दोघींच्या कानांत हातभराचंही अंतर नव्हतं. जी शिट्टी योगिनीच्या कानात शिरली, ती विजयश्रीच्या कानापाशी येऊन वाट चुकली काय? हा प्रश्न योगिनीनं प्लॅस्टर घालून पडल्या पडल्या सहा आठवडे छताला विचारला.

जागा विजयश्रीला मिळाली. योगिनीला पुढं त्याच कंपनीत काम मिळालं, पण पॅकिंगला, कंत्राटावर. कायमच्यांची बस वेगळी, कंत्राटींची वेगळी. त्यांच्या गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी, यांच्या गळ्यात पिवळी. कॅन्टीन तेवढं एक होतं. तिथं विजयश्री समोर आली की एक शब्द बोलायची नाही, पण नजर हमखास योगिनीच्या पायांकडे जायची. रोज, न चुकता. 'बघते कशी मेली, अजून लंगडतेय का म्हणून,' योगिनी मनात म्हणायची आणि तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

आणि घोटा तरी बरा व्हावा की नाही! दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. हे मुंगीच्या पायानंही जायला तयार नव्हतं. जिना उतरताना घोटा मुरगळायचा, बसमधून उतरताना मुरगळायचा. एकदा तर कॅन्टीनच्या सपाट, कोरड्या फरशीवर मुरगळला आणि आमटीचं ताट सुपरवायझरच्या बुटांवर गेलं. दर वेळी नवी सूज आणि विजयश्रीच्या नावानं नवी शिवी. सुपरवायझर बूट पुसत म्हणाला, "मॅडम, आठ तास उभं राहायला जमत नसेल तर सांगा. गेटबाहेर दुसऱ्या उभ्याच आहेत." त्या दिवशी संध्याकाळी ती थेरगावला, डांगे चौकात भांड्यांच्या दुकानावर दवाखाना असलेल्या अरुंधती मॅडमकडे गेली.

मॅडम पन्नाशीच्या, कोरड्या स्वभावाच्या, खेळाडूंचे सांधे बघण्यात केस पांढरे झालेले. त्यांनी घोटा हातात घेऊन इकडेतिकडे हलवून पाहिला, तिला एका पायावर उभं केलं, पडताना धरलं आणि खुर्चीत बसवलं.

"ताकद आहे. पण याला कळतच नाही आपण कुठे आहोत ते," मॅडम म्हणाल्या. "चांगला घोटा वाकडा व्हायला लागला की मेंदूला आधी निरोप देतो. मग स्नायू आवळतात आणि आपण सावरतो. तुझे आतले बंध फाटले आणि भरताना सैल भरले. आता निरोप जातो, पण उशिरा. तोवर तू खाली पडलेली असतेस."

"मग?"

"मग त्याला परत शिकवायचं. एका पायावर उभं राहून. रोज. कंटाळवाणं असतं, बहुतेक जण महिन्यात सोडतात. तुला परत खेळायचंय, की नुसतं नीट चालायचंय?"

"एकीला पाडायचंय," योगिनी म्हणाली.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यासाठीही आधी उभं राहावं लागतं," असं म्हणून त्यांनी टिकलीचा उपाय सांगितला.

महिन्यात सोडणारे सोडोत. त्यांच्या भिंतीवर विजयश्री नव्हती. योगिनीनं अकरा महिने एक दिवस चुकवला नाही. घरात सेकंदाचं घड्याळ नव्हतं आणि मोबाईल हातात घेतला की नजर टिकलीवरून हलायची, म्हणून तिनं आईच्या भाकरीचं माप धरलं. सरूबाईनं उंडा हातात घेतला की पाय उचलायचा आणि भाकरी थापून तव्यावर पडली की टेकवायचा. पहिल्या महिन्यात अर्ध्या भाकरीला ती कपाटावर असायची. दुसऱ्यात एक भाकरी पुरी झाली. मग मॅडम म्हणाल्या, आता डोळे मिटून. डोळे मिटले की पहिल्यांदा भिंत जाते, मग तोल जातो. पण योगिनीला डोळे मिटल्यावरही ते तोंड दिसतच होतं, त्यामुळे तिचं काम इतरांपेक्षा सोपं झालं. मग पायाखाली उशी आली. उशीनंतर कंपनीतून मागून आणलेला पॅकिंगचा फोम आला. आई म्हणायची, "पोरगी येडी झाली," आणि भाकऱ्या मात्र मुद्दाम सावकाश थापायची.

सगळ्यात अवघड वाट्यांचा व्यायाम. डाव्या पायावर उभं राहायचं, समोर, बाजूला आणि मागं अशा तीन वाट्या जमिनीवर ठेवायच्या आणि खाली वाकून बोटं एकेका वाटीला लावून परत सरळ व्हायचं. उजवा पाय टेकवायचा नाही. दर आठवड्याला वाट्या चार बोटं लांब सरकवायच्या. समोरची वाटी सरकत सरकत उंबऱ्याशी गेली तेव्हा घोटा थरथरायचा, पण मुरगळायचा नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा योगिनीच्या मनातला पीळ जागच्या जागी होता. पाय तेवढा सरळ झाला.

मॅडमनी खेळायची परवानगी दिली ती कुरकुरत. "एक ऐक. हा पुन्हा फाटला तर ऑपरेशन. आणि मग उभं राहायचं काम कायमचं विसर."

"नाही फाटणार."

"आणि सूज नसली तरी पट्टी बांधून खेळ."

पट्टी म्हणताच योगिनीच्या डोक्यात उजेड पडला. ती हसली. मॅडमना ते हसू आवडलं नाही.

कबड्डीत कोपरारक्षकाचा हुकमी डाव म्हणजे घोटा धरणं. चढाईला आलेल्या खेळाडूचा एक पाय हातात आला की तो उरतो दुसऱ्या एका पायावर. आणि पायाला पट्टी दिसली की कोपरारक्षक त्याच पायावर झडप घालतो. दुखरा पाय धरला की समोरचा निम्मा तिथंच मोडतो. दयामाया कोणी दाखवत नाही. म्हणजे पट्टी बांधायचीच, पण उजव्या पायाला, धडधाकट पायाला. विजयश्री झडप घालील, उजवा धरील, आणि योगिनी उभी राहील ती डाव्यावर, जो तिनंच मोडला होता त्याच्यावर! त्याच पायावर उभं राहून तिला फरफटत मध्यरेषेपर्यंत न्यायचं. कंपनीचे साहेब पुढच्या रांगेत बसलेले असताना. योगिनीला त्या रात्री बेत सुचल्याच्या आनंदात झोप आली नाही.

मॅडमना तिनं हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पण कोणता पाय होता ते तिच्या लक्षात असेल ना?"

"पिळणाऱ्याला डावा-उजवा कशाला आठवतोय मॅडम? ज्याचा पिळला त्यालाच आठवतो."

तरी खबरदारी म्हणून योगिनीनं दोन महिने आधीपासून कॅन्टीनमधे उजव्या पायानं लंगडायला सुरुवात केली. बसमधून उतरून नीट चालत यायची आणि कॅन्टीनच्या दारात शिरली की उजवा पाय ओढायला लागायची. घोट्यावर पट्टीही दिसेलशी. पहिल्याच दिवशी विजयश्री समोरच्या टेबलावर जेवत होती. तिनं पाय पाहिला, हातातला घास ताटात ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली. 'बघ बाई, पोटभर बघ. घोडामैदान जवळच आहे,' योगिनी मनात म्हणाली आणि त्या दिवशी तिनं दोन वेळा भात घेतला.

घोडामैदान आलं ते भोसरीतल्या स्पर्धेत. रविवारची दुपार, मांडव, मॅट, कर्ण्यावर ओरडणारा निवेदक. योगिनी आता दिघीच्या क्लबाकडून खेळत होती. कप्तान करिष्मा नावाची दणकट मुलगी होती. उपांत्य फेरीत त्यांची गाठ पडली कंपनीच्या संघाशी. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर साहेब लोक, त्यांच्यामागं भोसरी-दिघीचं सगळं गाव. योगिनीनं उजव्या घोट्याला पांढरीशुभ्र पट्टी गुंडाळली, लांबूनही दिसावी अशी, आणि डाव्याला नुसता मोजा.

"डाव्याला बांध ना गं, तो दुखरा ना तुझा?" करिष्मानं विचारलं.

"गप. बघ गंमत."

पहिल्या डावात गंमत झाली नाही. योगिनी चार वेळा चढाईला गेली, दोन गुण आणले, पण विजयश्री पुढं यायलाच तयार नव्हती. कोपऱ्यात हात पसरून उभी, नजर खाली पायांवर. त्यांचा प्रशिक्षक बाहेरून ओरडत होता, "विजू, पट्टीचा पाय घे! घोटा घे!" ती जागची हलली नाही. 'भिते का काय मला?' योगिनीला वाटलं, आणि हेही वाटलं, की ही भ्याली तर माझे अकरा महिने वाया गेले.

दुसऱ्या डावात दिघीचा संघ सात गुणांनी मागं पडला. करिष्मा कपाळाला हात लावून बसली होती. योगिनीला गुणांचं काही नव्हतं, तिला एकच पकड हवी होती. शेवटची चार मिनिटं उरली असताना ती चढाईला गेली, कबड्डी कबड्डी म्हणत सरळ डाव्या कोपऱ्यावर चालून गेली आणि परतताना मुद्दाम रेंगाळली. दोन्ही पाय हाताच्या टप्प्यात ठेवले. डावा तर थोडा जवळच होता.

विजयश्रीनं झेप घेतली. तिचे हात खालून आले, डाव्या पायाला ओलांडून पलीकडं गेले आणि पांढऱ्या पट्टीवर मिटले.

गळाला लागली! योगिनीला इतका आनंद झाला, की तिचा कबड्डीचा दम तिथंच तुटता तुटता राहिला. उजवा पाय हवेत गेला, सगळं अंग डाव्यावर आलं. कंपनीच्या आणखी दोघी धावत आल्या, एकीनं कंबर धरली, एकीनं खांदा. मध्यरेषा चार हातांवर होती. डावा घोटा थरथरला, बाहेरच्या अंगाला झुकला, आणि एक क्षण तिला वाटलं, गेला. मग घोट्यानं वेळेवर निरोप दिला. नडगीचे स्नायू आवळले, पाय सरळ झाला. तिनं त्याच पायावर उडी मारली, तिघींना ओढत. दुसरी उडी मारली. दम संपत आला होता, तोंडातून कबड्डीचं नुसतं 'ड' निघत होतं. मग ती घरातल्यासारखी खाली वाकली, उंबऱ्याजवळच्या वाटीकडं हात लांबवावा तसा लांबवला, आणि मधलं बोट रेषेला लागलं.

तीन गुण. तिघी बाद. मांडव नाचायला लागला. विजयश्री मॅटवर पालथी पडली होती. योगिनी तिच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली, एकट्या डाव्या पायावर, उजवा वर उचलून, आणि मांडीवर असा शड्डू ठोकला की पुढच्या रांगेतल्या साहेबानं चहाचा कप खाली ठेवला. तीन वर्षं ती याच एका आवाजासाठी जगली होती. विजयश्रीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि उठून बाहेर गेली. तिच्या प्रशिक्षकानं सगळ्यांदेखत तिला फाडून खाल्लं. ते ऐकताना योगिनीला पुरणपोळी खाल्ल्यासारखं वाटत होतं.

दिघीचा संघ सामना तरीही चार गुणांनी हरला. सगळ्या मुली माना खाली घालून बसल्या आणि त्यांच्यात एकटी योगिनी लग्नातल्या करवलीसारखी मिरवत होती. करिष्मा म्हणालीसुद्धा, "अगं, हरलोय आपण. थोडं तरी तोंड पाड."

मांडवामागं पाण्याचा टँकर उभा होता. योगिनी तिथं पाय धुवायला गेली. उजव्या पायाची पट्टी सोडून तिनं गुंडाळी केली. पावलांचा आवाज आला म्हणून मान वर केली तर विजयश्री उभी होती. कोणी आजूबाजूला नव्हतं.

"काय गं?" योगिनी म्हणाली. "शिट्टी ऐकू आली ना आज नीट?"

विजयश्री म्हणाली, "पट्टी चुकीच्या पायाला बांधलीस तू. डावा व्हता."

योगिनीच्या हातातली गुंडाळी तशीच राहिली.

"कॅन्टीनमधी उजव्यानं लंगडायला लागलीस, तवाच कळलं मला. म्हनलं, ही कायतरी डाव टाकतीया."

"कळलं होतं? मग उजवाच का धरलास? डावा जवळ होता, मी ठेवलाच होता तसा."

"डावा धरवत न्हाई मला."

"म्हणजे?"

"न्हाई धरवत. तुझाच न्हाई, कुनाचाच. तीन वरसं झाली. डावा पाय समोर आला की हात आपोआप पलीकडं जात्यात. सरांना वाटतं माझी नजर चुकती. ते ओरडत्यात, मी ऐकून घेती." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "आन् शिट्टी ऐकली व्हती मी. त्या दिवशी. बँजो वाजत व्हता, पन ऐकली व्हती. एकच जागा व्हती गं."

घ्या! तीन वर्षं हे एक वाक्य ऐकायला योगिनीचे कान आसुसलेले होते. ते आलं, पण कुठं? टँकरच्या मागं, चिखलात, जिथं ऐकायला कुत्रंसुद्धा नव्हतं. तिच्या डोक्यात सणक गेली.

"हे तिकडं चल आणि बोल. निवेदकाच्या माईकवर. तुझे साहेब आहेत, माझे जुने सर आहेत. सांग सगळ्यांना."

विजयश्रीनं मांडवाकडं पाहिलं. "नोकरी जाईल माझी. घरात मी एकटीच कमावती हाय."

"मग मला कशाला सांगायला आलीस? तुझ्या छातीवरचं ओझं उतरवायला? मी काय हमाल आहे?"

"न्हाई गं..."

"आणि मेहेरबानी कोणी सांगितली होती तुला माझ्यावर करायला? माझा दुखरा पाय सोडून चांगला धरलास, उपकार केलेस! अकरा महिने एका पायावर उभी राहिले मी, तुझं थोबाड बघत. आज तुला पाडलं. मला वाटलं मी पाडलं."

"तूच पाडलंस," विजयश्री म्हणाली. "मी सारा जोर लावला व्हता. उजव्यावर."

हे खरं होतं. योगिनीच्या उजव्या घोट्यावर पाच बोटांचे वळ उठले होते. पण रागाच्या भरात खऱ्याचाही राग येतो. ती म्हणाली, "माफ नाही करणार मी तुला. कधीच नाही. पुढच्या महिन्यात देहूला सामने आहेत. पट्टी न बांधता येईन आणि डावा पाय तुझ्या हातात देईन. तेव्हा धरून दाखव."

विजयश्रीची नजर परत खाली गेली, योगिनीच्या ओल्या डाव्या पायाकडं, आणि कॅन्टीनमधल्या त्या रोजच्या नजरेत काय होतं ते योगिनीला आज कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

परतताना टेंपोत करिष्मा शेजारी सरकली. "काय म्हणत होती गं ती टँकरपाशी?"

आता नीट बघा. शत्रूचा सगळ्यात कच्चा सांधा योगिनीच्या मुठीत होता. एक वाक्य पुरे होतं: तिला डावा पाय द्या, ती धरू शकत नाही. करिष्माच्या तोंडातून ते रात्रीपर्यंत दिघीभर झालं असतं, आठवड्यात जिल्हाभर. मग प्रत्येक संघाची प्रत्येक पोरगी विजयश्रीसमोर डावा पाय नाचवत आली असती आणि तिला खेळाच्या जोरावर मिळालेली निळी दोरी दोन महिन्यांत गळ्यातून उतरली असती. याहून मोठं उट्टं दुसरं नव्हतं.

"काही नाही," योगिनी म्हणाली. "पाणी प्यायला आली होती."

दया आली म्हणून नव्हे, हे मी तिच्या वतीनं सांगून ठेवतो. दया आली असती तर तिनं दात इतके आवळले नसते. पण आपल्या पायावरून सुरू झालेलं हे भांडण दुसऱ्या कोणाच्या पायानं संपावं, हे तिला मान्य नव्हतं.

घरी आली तेव्हा सरूबाई रोजच्यासारखी भाकऱ्या थापायला बसली होती. भिंतीवर फेब्रुवारी होता. निळ्या जर्सीत डावीकडून तिसरी विजयश्री होती, कपाळावर टिकली. योगिनी रोजच्या जागी उभी राहिली, उजवा पाय उचलला आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. पण आज फोटोतले डोळे तिच्या डोळ्यांत बघेनात. ते खाली, पायाकडं बघताहेत असं वाटलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहूनसुद्धा ही बया पायाकडंच बघत होती की काय? अकरा महिन्यांत हे दिसलं कसं नाही?

तिनं टिकली नखानं काढली. पान टराटरा फाडलं नाही, चार घड्या करून कपाटाच्या वर टाकलं. मग टिकली उघड्या भिंतीवर, त्याच उंचीला दाबून बसवली.

"काय झालं गं? पाडलीस का तिला?" आईनं विचारलं.

"पाडली."

"मंग आता कशाला उभी ऱ्हायलीस?"

"तू थाप भाकरी."

सरूबाईनं उंडा हातात घेतला. योगिनीनं डाव्या पायावर भार दिला आणि टिकलीकडं पाहिलं. नुसती टिकली, नुसती भिंत. चीड यायला तिथं कोणी नव्हतं. तीन माणसांना ओढत नेलेला तो घोटा थरथरायला लागला, बाहेर झुकला, आणि भाकरी अर्धीसुद्धा झाली नव्हती तोच ती धाडकन कपाटावर जाऊन आदळली.

कपाटाच्या वरून घडी केलेलं पान तिच्या खांद्यावर पडलं. तिनं ते न बघता परत वर सरकवलं.

"लागलं का?" आईनं विचारलं.

"नाही. परत पहिल्यापासून घे."

सरूबाईनं अर्धी थापलेली भाकरी मोडली, पुन्हा उंडा केला आणि लेकीनं पाय उचलायची वाट बघत बसली.